धावपट्टीवरची रेंज

आमच्या घरातल्या सगळ्यांचे फोन मी सांभाळते. रिचार्ज, पासवर्ड, अपडेट, सगळं. मी नेरूळच्या एका ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवते, आणि फिजिक्स येणाऱ्या बाईला फोनमधलं सगळं कळतं अशी माझ्या नवऱ्याची, निखिलची, ठाम समजूत आहे. त्यामुळे सासूबाई सिंगापूरला निघाल्या तेव्हा त्यांच्या फोनवर रोमिंगचा पॅक टाकायचं काम माझ्याकडेच आलं.

माझी नणंद श्रुती तिथे असते. तिला मुलगी झाली म्हणून आई मार्चमध्ये गेल्या. निघण्याआधी मी त्यांना डेटा रोमिंगचं बटण दाखवलं.

"आई, हे हिरवं असू दे. म्हणजे फोनला कळतं की आपण आपल्या घरी नाही. दुसऱ्याच्या नेटवर्कवर पाहुणे आहोत."

"फोनला कलतं?" आई म्हणाल्या. "बरा हाय मंग. आमच्यातल्या किती जनांना अजून कललां नाय."

हे त्या हसून म्हणाल्या, पण त्याला कारण होतं. आईंचं गाव आमच्या उलव्याच्या फ्लॅटपासून फार लांब नव्हतं. नव्हतं असंच म्हणायला हवं, कारण ते आता विमानतळाखाली गेलंय. सुरुंग लावून डोंगर कापला, नदी वळवली, घरं पाडली. माझे सासरे, हसुराम, "मी हितून हलनार नाय" म्हणत राहिले आणि घरं रिकामी व्हायच्या आधीच्या हिवाळ्यात आपल्या ओटीवरच गेले. त्यांना गावच्याच मसणवटीत नेलं. पुढे तीही सपाट झाली. माझं लग्न त्यानंतरचं. मी कराडची. माझ्यासाठी ते गाव म्हणजे हॉलमधल्या एका फोटोतली कौलं आणि त्यामागचा हिरवा डोंगर.

मे महिन्याच्या सुट्टीत मी आईंना आणायला सिंगापूरला गेले. येताना थेट विमान मिळालं नाही, म्हणून बंगळूरमार्गे तिकीट काढलं. बंगळूरला उतरल्यावर आईंचा फोन मी स्वतः पाहिला. रोमिंगची खूण गेली होती, आपलं नेटवर्क आलं होतं. सगळं जसं व्हायला हवं तसं.

तिथून दुपारच्या विमानाने आम्ही नव्या विमानतळावर उतरलो. खाली येताना आई खिडकीला कपाळ टेकवून बसल्या होत्या. चाकं टेकली तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं.

"हितं विहीर व्हती," त्या म्हणाल्या. विमान धावत होतं. "आता हितं मथुराचा घर."

विमानाचा वेग कमी झाला, लोकांनी फोन चालू केले. मी आईंचाही केला. वरच्या पट्टीत रोमिंगची छोटी खूण पुन्हा उमटली होती. पाठोपाठ नेहमीचा स्वागताचा मेसेज आला. एरवी त्यात देशाचं नाव असतं. इथे नावाची जागा कोरी होती. 'मध्ये आपलं स्वागत आहे', एवढंच.

मी एअरप्लेन मोड लावून काढावा म्हणून फोन हातात घेतला, तर तो वाजला. नंबर नव्हता. आईंनी माझ्या हातून घेऊन कानाला लावला.

"कोन? ... हां. हां गो. आत्ताच आलू." त्यांचा आवाज एकदम बारीक, मुलीसारखा झाला. "पोरगी गोरी हाय, बापावर गेलीय. ... तू कशी हायस?"

विमान थांबलं. लोक उभे राहिले. फोन कट झाला.

"कोण होतं, आई?"

"मथुरा," त्या म्हणाल्या आणि पदराने डोळे टिपून पिशवी शोधायला लागल्या.

टॅक्सीत मी कॉल लॉग उघडला. त्या दुपारचा एकही कॉल त्यात नव्हता. घरी निखिलला विचारलं तेव्हा त्याने हातातला चहा खाली ठेवला.

"शेजारची मथुराकाकू? अगं, बाबांच्या आधी गेली ती. मी खांदा दिलाय."

मी स्वतःला सांगितलं की थकवा आहे, दोन महिने परक्या घरी राहून आल्यात. मेसेजमधल्या कोऱ्या जागेलाही कारण सापडलं: नवीन विमानतळ, नवीन टॉवर, कुठेतरी एखादी नोंद भरायची राहिली असेल. फ्लॅटवर फोन अगदी नीट चालत होता. मी विषय सोडून दिला.

आठवड्याभरात आई संध्याकाळी गच्चीवर जायला लागल्या. आमच्या टॉवरच्या गच्चीवरून धावपट्टी दिसते, म्हणून सोसायटीतले बरेच जण विमानं बघायला जातात. आई मात्र पाण्याच्या टाकीमागे, कठड्याला लागून, खुर्ची टाकून बसायच्या. एकदा मी त्यांना चहाला बोलवायला गेले, तर त्या फोनवर होत्या.

"त्यांना बोलव ना," त्या म्हणत होत्या. "सांग मी हाय. ... अजून रुसलेत?"

मला बघून त्यांनी फोन लपवला नाही. उलट माझ्याकडे केला. "बोल. मथुरा हाय. तुज्याबद्दल इचारते."

मी फोन कानाला लावला. सांगायला हवं की त्या वेळी मला भीती वाटली नाही, मी फक्त ऐकत होते. कोंबडं आरवलं. कुणीतरी दगडावर कपडे आपटत होतं. पाण्याच्या जवळ असतो तसा वारा होता. आणि एक बाईचा आवाज, जरा घोगरा, "सून काय गो?" असं म्हणाला.

फोन परत दिला आणि उभी राहिले. पुढचं संभाषण मी एका बाजूने ऐकलं, आणि त्यात मला जे खटकलं ते माझ्या विषयातलं होतं. सिंगापूरहून बोलताना आमच्या आवाजाला किंचित उशीर व्हायचा. आवाजाला लांबचा वळसा पडला की तो होतोच. इथे उशीर नव्हता. फोनमधून बारीक येणारं मथुराबाईंचं उत्तर आईंचा प्रश्न पुरा व्हायच्या आत येत होतं. "पानी कसा—" आई म्हणायच्या, आणि पलीकडून आवाज यायचा, "गोडा हाय."

फोनवर रोमिंगची खूण होती. बाजूलाच माझा फोन होता, त्याच कंपनीचा. त्यावर काही नव्हतं.

खाली येताना मी आईंना विचारलं, "रुसलंय कोण?"

"तुजे सासरे. मथुरा सांगते, ते रोज दारात बसतात. फोनला येत नाय. म्हनतात, घरच्यांना सांग, बोलायचा हाय तर घरी या." जिन्यात त्या थांबल्या. "ते गेले तवा मी विहिरीवर व्हते, सई. शेवटचा काय बोलले, मना म्हाईत नाय."

मी त्यांचा हात धरला. दुसरं काय करणार?

मी निखिलपासून लपवलं नाही. चूक झाली की काय, मला आजही कळत नाही. त्याने शांतपणे ऐकून घेतलं, आईंना तपासून आणलं. डॉक्टर म्हणाले, स्मरणशक्ती उत्तम आहे, बीपीही ठीक. त्या रविवारी त्याने आईंचा फोन घेतला आणि डेटा रोमिंगचं बटण बंद केलं.

"निखिल, राहू दे ना."

"काय राहू दे? ती मेलेल्या माणसांशी गप्पा मारते आणि मी टेन्शन घेऊ नको?" तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. "गाव सोडताना तिला गाडीत बसवायला मला किती वेळ लागला माहितीये तुला? पुन्हा नको मला ते."

आई संध्याकाळी गच्चीवर जाऊन खुर्चीत बसून आल्या. फोन वाजला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मग त्यांचं जेवण कमी झालं. ताटात भाकरीचे तुकडे करत बसायच्या आणि तसंच उठायच्या. श्रुतीचा व्हिडिओ कॉल आला तर नातीकडे बघायच्या, पण नजर त्या चिमुकल्या चेहऱ्याच्या पलीकडे कुठेतरी असायची. एका सकाळी मी त्यांची वेणी घालत होते. केस कधी इतके विरळ झाले ते मला कळलंच नव्हतं.

"मथुराला वाटंल, मी बोलायचा सोडला," त्या म्हणाल्या.

त्या दिवशी कॉलेजला निघण्याआधी मी आईंच्या फोनमधलं ते बटण पुन्हा हिरवं केलं.

संध्याकाळी दार जोरात वाजलं. आई होत्या. गच्चीवरून धावत आल्यासारख्या, धापा टाकत. फोन दोन्ही हातांत धरलेला.

"ते आलेत. निखिलला बोलव. लवकर."

निखिल तुर्भ्याच्या ऑफिसातून नुकताच आला होता. बूटसुद्धा काढले नव्हते. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि काय झालंय ते ओळखलं. मला वाटलं आता भांडण होणार. पण आईंचा चेहरा बघून तो तसाच वर आला. आम्ही तिघं टाकीमागे उभे राहिलो. ऊन धावपट्टीच्या पलीकडे उतरत होतं.

त्याने फोन कानाला लावला.

सुरुवातीला त्याच्या चेहऱ्यावर नुसता वैताग होता.

मग तो हळूच कठड्यावर हात टेकून वाकला.

"हो," तो म्हणाला.

खाली एक विमान उतरलं. त्याचा आवाज आमच्यापर्यंत आला आणि विरला.

"हो, बाबा. पोचलो. सगळे पोचलो नीट."

पुन्हा बराच वेळ तो ऐकत राहिला. मग फोन आईंच्या हातात देऊन माझ्याकडे पाठ करून उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते. आईंनी फोन कानाशी धरला, डोळे मिटले, आणि त्या इतकंच म्हणाल्या, "मी पन नाय रागावले."

त्यानंतर घरातलं वातावरण निवळलं. आई जेवायला लागल्या. निखिल संध्याकाळी त्यांच्याबरोबर वर जायचा, खुर्ची पुसून ठेवायचा. त्याने मला एकदाही सांगितलं नाही की त्याचे वडील काय म्हणाले. मीही विचारलं नाही. कॉलेजात मी तरंगलांबी शिकवत होते आणि मुलांच्या प्रश्नांना पुस्तकातली उत्तरं देत होते.

जुलैत निखिलला कंपनीच्या कामासाठी सिंगापूरला जावं लागलं. श्रुतीकडे एक मुक्काम करून तो बंगळूरमार्गेच परत येणार होता. दुपारी उतरेल म्हणून मी त्याला फोन केला. पहिल्याच रिंगला उचलला.

"उतरलास?"

"हो."

त्याच्यामागे विमानातली गडबड नव्हती. कोंबडं होतं. कुणीतरी दगडावर कपडे आपटत होतं.

"निखिल, कुठे आहेस?"

"येतो," तो म्हणाला. त्याच्या आवाजात सुख होतं. "थोडा उशीर होईल. थांबवून घेतलंय."

मी खिडकीशी उभी राहिले. विमानं उतरत होती, उडत होती. मी त्याला पुन्हा फोन लावला नाही. आईंना सांगितलं तर त्यांनी नुसती मान हलवली आणि तांदूळ निवडत राहिल्या.

दिवे लागायच्या सुमारास तो आला. बॅग घेऊन, नेहमीसारखा. माझ्या गालाला हात लावला. तो हात थंड नव्हता, गरम होता, चुलीपाशी बसून आलेल्या माणसाचा असतो तसा.

"जेवायला वाढू?"

"नको गं. जेवून आलोय."

आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. "भाकर कोनी थापली?"

"मथुराकाकूनी. सुकटीचं कालवण होतं."

"आनि ते?"

"माझ्या पानाशी बसले होते. स्वतः वाढत होते." तो खुर्चीत बसून बुटाची नाडी सोडायला लागला. मग, अगदी सहज, बाजारातून काय आणलं ते सांगावं तसा माझ्याकडे बघून म्हणाला, "तुझंही पान मांडलं होतं, सई. वांग्याची भाजी वेगळी काढून ठेवली होती. म्हणाले, ती कराडची, तिला मासळीचा वास सोसत नाही. भाजी झाकून ठेवलीये, ये म्हणाले."