लिटल ॲशकमचा पहारा

नकुल, तो दिवा राहू दे तसाच. आणि सिया, हसायचं असेल तर आत्ताच हसून घे. ही थट्टा नाही. माझ्या मित्राची, तुमच्या डॉक्टर क्षितिजकाकाची गोष्ट आहे.

गेल्या वर्षीची नाही, त्याच्या आधीचीही नाही... थांबा, सांगतो. २०२५ची एकोणतीस जानेवारी, बुधवार. इथे इंग्लंडात कुणाला पत्ता नसतो, पण पौषातली अमावस्या होती. क्षितिजची नाइट ड्यूटी. इतकी वर्षं नाइट करून माणूस पार पिचला होता. "मार्चमध्ये रिटायर झालो की आधी महिनाभर झोपणार," हेच त्याचं पालुपद. त्याची बायको वरदा म्हणायची, "झोपा हो, कोण नको म्हणतंय!"

त्या रात्री लिटल ॲशकमला व्हिजिट होती. हर्टफर्डशरमधलं चिमुकलं गाव. मूठभर घरं, बंद पडलेला पब आणि नॉर्मन राजांच्या वेळचं चर्च. पेशंट मिसेस गॅरड, नव्वदीच्या. छाती तपासून झाली तशी बाई गप्पांना बसली.

"डॉक्टर, आमच्याकडे पूर्वापार मानतात. चर्चच्या आवारात जो शेवटचा पुरला जातो, त्याने फाटकाशी पहारा द्यायचा. पुढचा आला की त्याची सुटका. माझा भाऊ वॉल्टर गेला आणि जागाच संपली. आवार बंद केलं. आता सगळ्यांना दहनासाठी टाउनच्या क्रेमेटोरियमला नेतात. दमला असेल हो बिचारा."

क्षितिजने नुसतं हो-हो केलं. त्याचे डोळे मिटत होते.

गाडी चर्चपाशी लावली होती. फाटकाशी एक म्हातारा उभा. एवढं दंव गोठतंय आणि अंगात पातळ कोट.

"सर, ठीक आहात ना?"

"पाय भरून आलेत."

"मग बसा की. बाक आहे ना तिथे."

"बसता येत नाही. इथे कुणीतरी उभं राहायला हवं."

आता बघा, आपल्या माणसाची खोड! वडीलधारा उभा असताना आपण निघून कसं जायचं? बाईचं बोलणं तेव्हा आठवायला हवं होतं. नाही आठवलं. हा म्हणाला, "तुम्ही बसा. मी आहे इथे."

म्हातारा बसला. सावकाश. मोठ्ठा सुस्कारा सोडला...

बाक रिकामं.

क्षितिज वळला. पाऊल उचलेना. वारा नाही. आवाज नाही. फक्त...

उजाडलं तेव्हा तो लंडनला, एजवेअरच्या आपल्या घरासमोर गाडीत होता. कसा आला, देव जाणे.

मग सुटला, असं वाटतंय ना तुम्हाला? मार्चमध्ये रिटायर झाला. रोज दहाला अंथरुणाला पाठ टेकतो आणि सकाळी नाइट करून आल्यासारखा उठतो. पाय सुजलेले. सगळ्या टेस्ट नॉर्मल. पुढे मिसेस गॅरड गेल्या, तेव्हा वेड्या आशेने त्याने त्यांच्या घरी फोन केला, आवारात पुरणार का विचारलं. त्यांनाही क्रेमेटोरियमलाच नेलं होतं. फोन ठेवून तो लहान मुलासारखा रडला रे.

या जुलैत मी त्यांच्याकडे राहिलो होतो. उकाडा म्हणजे काय विचारू नका. दारं वरदाने माझ्यासमोर लावली. पहाटे पाणी प्यायला उठलो, तर हा सोफ्यावर गाढ झोपलेला. उशी सारखी करायला वाकलो...

त्याच्या अनवाणी पावलांवर गोठलेलं दंव होतं. पांढरंशुभ्र. आणि त्यात चिकटलेलं ओलं गवत.