धुरकट झालेली भिंगं

"अहो, जरा बघता का... मला काहीच दिसत नाहीये," असं म्हणत तो चष्म्याच्या दुकानात शिरला आणि थेट आरशाशी बोलू लागला.

"मी इकडे आहे," ती म्हणाली. हसू काही आवरेना.

तो वळला. एका हातात फ्रेम, दुसऱ्यात तुटलेली काडी. जमिनींचे नकाशे काढणाऱ्या कचेरीत तो आरेखक होता. चष्म्याशिवाय त्याला स्वतःची रेघही दिसत नसे. ती मामांच्या या दुकानात भिंगं घासून बसवायची. तिनं काडी जोडली, चष्मा त्याच्या नाकावर ठेवला आणि दोन्ही कानांमागे बोटं नेऊन पकड तपासली.

"घट्ट होतोय?"

"नाही... राहू द्या. म्हणजे बोटं... म्हणजे चष्मा!"

त्यानंतर त्या चष्म्याला काय झालं कोण जाणे, दर आठवड्याला ढिला व्हायला लागला.

"आला गं तुझा नकाशेवाला," मामा म्हणायचे. "एवढे स्क्रू तर आगगाडीचेही ढिले होत नाहीत."

"तुम्हीच सैल करता ना हा स्क्रू?" एकदा तिनं विचारलंच.

"नखानं," तो म्हणाला. "फार वेळ जातो हो. तुम्ही फार पक्का बसवता."

मग दुकान बंद झाल्यावर बस थांब्यापर्यंत सोबत चालणं आलं. बस आली तरी न चढणं आलं. अशाच एका संध्याकाळी तो थांब्याच्या बाकावर बसला आणि म्हणाला, "पुढे जायच्या आधी एक सांगायचंय. मला एचआयव्ही आहे."

तिनं पर्स छातीशी धरली.

"रोज गोळी घेतो. रक्तात विषाणू आता इतका कमी आहे की तपासणीत सापडत नाही. तो तसाच राहिला, तर शरीरसंबंधातूनही दुसऱ्याला होत नाही. डॉक्टरांना तुम्ही स्वतः विचारा."

"पण तुम्हाला... कसा?"

"निरोध खिशात होता," तो म्हणाला. "काढायची लाज वाटली."

"त्यात काय एवढं," ती म्हणाली. जरा जास्तच पटकन म्हणाली. मग नाक खरचटवणारी चष्म्याची गादी बदलायला त्यानं चष्मा दिला आणि तिनं तो रुमालात घेतला. हात पुढे केला नाही.

सकाळी दुकानात तिनं चष्मा उघडला. गादीवर वाळलेल्या रक्ताचा ठिपका होता, मोहरीएवढा. अशा वाळक्या ठिपक्यानं, घामानं, स्पर्शानं काही होत नाही, हे ती शाळेत शिकली होती, पेपरात लिहून तिनं पैकीच्या पैकी गुणही मिळवले होते. हात मात्र तिचं ऐकेना. तो शाईच्या खुणा पुसायच्या ॲसिटोनच्या बाटलीकडे गेला. प्लास्टिकच्या भिंगाला ॲसिटोन लावायचं नाही, हा या कामातला पहिला धडा. तिनं फ्रेम पुसली, गादी पुसली, पुन्हा पुसली... आणि डोळ्यांदेखत दोन्ही भिंगं दुधासारखी पांढरी झाली.

दुपारी तो आला. मामांना वाटलं, पोरीचा हात चुकला असेल. त्यांनी तिला पाठीशी घातलं. "कंपनीचा डिफेक्ट आहे साहेब. बदलून देऊ."

गप्प राहिली असती तर सुटली असती. तो धुरकट चष्मा घेऊन पायऱ्या उतरला आणि ती मागे धावली.

"डिफेक्ट नाहीये. मी पुसला. ॲसिटोननं." तिचे कान तापले होते. "काल तुम्ही सांगितलंत... म्हणून."

त्यानं धुरकट भिंगांवरून अंगठा फिरवला.

"लोक कप वेगळा ठेवतात, टॉवेल वेगळा ठेवतात," तो म्हणाला. "चष्मा धुणाऱ्या तुम्ही पहिल्याच." हसायला गेला, पण जमलं नाही. मग चष्मा तिच्या हातात ठेवून रस्त्याकडेच्या कठड्याला हात लावत, अंदाजानं पावलं टाकत गेला.

ती मशीनवर बसली. त्याच्या नंबरची नवी भिंगं घासताना तिला दुसराच एक जण आठवला, गेल्या वर्षीचा. त्या वेळी त्या दोघांनीही निरोध वापरला नव्हता. तपासणी करावी, असं एकदाही मनात आलं नव्हतं. आपण याचा चष्मा पुसत होतो आणि स्वतःकडे कधी बघितलंही नव्हतं!

दुसऱ्या दिवशी ती त्याच्या कचेरीच्या दारात उभी राहिली.

"तपासणी केंद्रात येता माझ्याबरोबर? तुमच्यासाठी नाही. माझ्यासाठी." आणि तिनं सगळं सांगितलं, खाली मान घालून.

"थांबा," तो म्हणाला. "पेन्सिल तरी ठेवू द्या."

केंद्रातल्या ताईंनी तिला आत एकटीलाच बसवलं, सरळ प्रश्न विचारले. "अलीकडचं असतं, तर तीन महिन्यांनी पुन्हा यायला सांगितलं असतं. तुझं वर्षापूर्वीचं, आजची तपासणी पुरे," त्या म्हणाल्या. "आणि हे कुणाला कळणार नाही." बोटाला सुई टोचली. तेवढंच.

बाहेरच्या बाकावर तो डोळे बारीक करून बसला होता.

"निकाल वेगळा आला तर?" तिनं विचारलं.

"तर गोळ्यांच्या रांगेत माझ्या मागे उभी राहा. ओळखीवर नंबर लागत नाही तिथे."

ती हसली, आणि डोळे भरून आले. पर्समधून तिनं चष्मा काढला. त्याच्या नाकावर ठेवला. टोचलेल्या बोटावर पट्टी होती. तीच बोटं तिनं त्याच्या कानांमागे नेली आणि या वेळी मागे घेतली नाहीत.

"घट्ट होतोय?"

"दिसतेयस," तो म्हणाला. "रडतेयस, तेही दिसतंय."

"मला माफ नाही केलंस तरी चालेल. पण... मला तू हवा आहेस."

त्याचं बोट हळूच चष्म्याच्या स्क्रूपाशी गेलं.

"पक्का बसवलाय," ती म्हणाली. "नखानं सुटणार नाही."

"मग दुकानात यायचं कसं?"

"तसाच ये. काही न मोडता."

निकालासाठी आतून तिला हाक आली. ती उठली, पण तिच्या आधी तो उठला होता.