दोन, मग थांबून एक

धाकटीने कयाक, ती एकट्याने वल्हवायची अरुंद होडी, शिकायचं ठरवलं तेव्हा आई ओरडली नाही. तिने फक्त नेहमीचं विचारलं. "त्याने शेवटी कुणाला बोलावलं असेल का गं?" गेल्या वर्षी याच नदीत, खळाळाखालच्या डोहात कयाक उलटून दादा गेला. तेव्हापासून आई हेच विचारायची, कपड्यांच्या घड्या घालताना, दिवा मालवताना, आणि उत्तराची वाट न बघता कामाला लागायची. त्या प्रश्नाने धाकटीची झोप मात्र उडाली होती. ती शिकायला आली ती त्यापायीच.

पाण्याखालून हाक मारता येत नाही. म्हणून इथे नवशिक्याला आधी ठोकायला शिकवतात. होडी उलटली की घाबरून बाहेर पडायचं नाही. डोकं खाली लटकत असतानाच दोन्ही हात वर काढून होडीच्या बुडावर तीन ठोके द्यायचे आणि हात पाण्याबाहेरच पुढेमागे फिरवत राहायचे. जवळचा माणूस आपल्या होडीचं नाक त्या हातांत आणून देतो. ते धरून, कंबर फिरवून वर यायचं.

"तो ठोकायला विसरला," मास्तर म्हणायचे. दादालाही त्यांनीच शिकवलं होतं. "ठोकलं असतं तर मी गेलो नसतो का?" हे ते दर खेपेला जरा जास्तच जोरात म्हणत.

त्या दुपारी आभाळ भरून आलं होतं. डोहावर ही दोघंच. धाकटीचं कशातच लक्ष लागत नव्हतं. दोनदा तिचा धीर सुटला होता आणि ती नाकातोंडात पाणी घेऊन बाहेर आली होती.

"आता एकदाच," असं पुटपुटत तिने अंग एका बाजूला झोकून दिलं.

हिरवट अंधार. कानात गार पाणी शिरलं. तिने ठोके दिले, हात फिरवले. काहीच लागेना... छाती फुटायची वेळ आली, आणि डाव्या हाताला होडीचं नाक लागलं. शेवाळाने बुळबुळीत झालेलं. तिने ते घट्ट धरलं आणि ती वर आली.

"जमलं, मास्तर."

मास्तर बरेच लांब होते. त्यांचं वल्हं हवेतच थांबलं होतं.

"मी अजून... पोचलोच नव्हतो," ते म्हणाले.

तेवढ्यात तिच्या मांड्यांखाली, होडीच्या बुडावर, खालून ठोके पडले. दोन. मग थांबून एक.

लहानपणी दोघं एकाच सायकलवर शिकली. तिची फेरी झाली की दादा कॅरियरवर असेच ठोके द्यायचा. म्हणजे आता उतर, माझा नंबर.

"ऐकलंत?" तिने हळूच विचारलं.

मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. "हो."

"दादाच्या त्या दिवशीपण ऐकले होतेत...?"

त्यांनी होडी वळवली, सावकाश वल्हवत आणली आणि तिच्याशेजारच्या मोकळ्या पाण्यावर नाक आणून थांबवली.

"धर," ते खाली बघत म्हणाले. "धर रे बाबा."

नाक खाली दबलं, कुणी दोन्ही हातांनी धरल्यावर दबतं तसं. धाकटीने स्वतःच्या हातांकडे पाहिलं. दोन्ही वल्ह्यावर होते.

आईला काय सांगायचं ते आता तिला कळलं होतं. पण नाक अजून दबलेलंच होतं, आणि मास्तरांची होडी हळूहळू एका अंगावर कलायला लागली होती.