स्वेच्छेचा नमुना

"आपल्या आवाजात दबाव आढळला आहे. आपल्याच सुरक्षिततेसाठी हा व्यवहार थांबवत आहोत. शांत झाल्यावर पुन्हा फोन करावा."

दोन दिवसांत सहाव्यांदा बँकेच्या ग्राहकसेवेने हे गोड आवाजात ऐकवलं, तेव्हा डॉ. शैलेंद्र केळुसकरांनी फोन ठेवला आणि तडक बँकेची स्वरप्रयोगशाळा गाठली. फोनमागचं संकल्पमापक यंत्र त्यांनीच घडवलेलं. त्याच यंत्राबद्दल निवृत्तीच्या दिवशी त्यांना शाल-श्रीफळ मिळालं होतं.

प्रयोगशाळा आता ओवी धोंगडे सांभाळत होती. पूर्वी ती त्यांच्याच हाताखाली होती.

"ओवी, माझा निवृत्तिनिधी रुग्णालयाच्या खात्यात वर्ग करायचाय. माझ्या बायकोच्या, केतकीच्या, डोळ्यांत दृष्टिनाडीचं रोपण व्हायचंय. ऊती वाढवून तयार आहेत, पण शुक्रवारी पाचपर्यंतच टिकतील. पुन्हा वाढवायला आठ महिने लागतात. तोवर हिची दृष्टी गेलेली असेल."

ओवी म्हणाली, "सर, पैसे कशाला हवेत ते यंत्र बघतच नाही. ते स्वरतंतूंची सूक्ष्म थरथर मोजतं. भामट्यांनी धाक घालून म्हाताऱ्यांची पुंजी लुटू नये, म्हणून धाकाची थरथर आली की व्यवहार बंद."

"मी घाबरलोय, पण भामट्याला नाही."

"भीती कुणाची ते थरथरीत कळत नाही. हे तुमच्याच अहवालात आहे."

"शामक गोळी घेऊन बोललो तर?"

"गुंगीही पकडतं ते. आणि हाताने व्यवहार उघडायची सोय तुम्हीच ठेवू दिली नाहीत. कर्मचारी फितूर होतात म्हणालात."

"मग यंत्राला नव्याने शिकव. नमुने काढ जुने."

ओवीने नमुने काढले. धाकाचे नमुने खरे होते, लुटल्या गेलेल्या नऊशे वृद्धांचे फोन. स्वेच्छेचे नमुने ऐकताना मात्र केळुसकरांचे कान तापले. त्या वेळी बँकेने घाई लावली होती. म्हणून त्यांनी डबे खाऊन झाल्यावर आपल्याच कर्मचाऱ्यांकडून एक वाक्य वाचून घेतलं होतं: माझी निवृत्तीची सगळी रक्कम वर्ग करा. पोटभर जेवून सुस्तावलेली माणसं ती. त्यातल्या एकालाही रुपयासुद्धा कुठे हलवायचा नव्हता.

म्हणजे स्वेच्छा काय असते हे यंत्र कधी शिकलंच नव्हतं. ज्याला कशाचंच काही पडलेलं नाही, त्याचा आवाज तेवढा ते ओळखत होतं. ज्याला गरज नाही त्याला पैसे, आणि ज्याचा जीव टांगणीला लागलाय त्याला शांत होण्याचा सल्ला. हा शहाणपणा केळुसकरांनी जेवणाच्या सुट्टीत उरकला होता.

"नवे नमुने, चाचण्या, मंजुरी... दोन महिने, सर," ओवी खाली बघत म्हणाली.

शुक्रवारी दुपारभर ते फोन करत राहिले. प्रत्येक नकारानंतर भीती वाढे, आणि वाढलेल्या भीतीपायी पुढचा नकार येई. पाच वाजायला दहा मिनिटं असताना केतकीने त्यांच्या हातातला फोन काढून घेतला. चाळीस वर्षं तिने मोडी कागद वाचण्यात घालवली होती.

"पुरे आता, शैलेंद्र. उजेड आहे तोवर ते दप्तर दे इकडे. चार कागद वाचायचे राहिलेत."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं. दप्तर तिच्यापुढे ठेवताना त्यांना स्वतःची विलक्षण शिसारी आली.

सोमवारी सकाळी ग्राहकसेवेचाच फोन आला.

"आपला एक व्यवहार अपूर्ण आहे. पूर्ण करावयाचा असल्यास ठरलेलं वाक्य म्हणावं."

तोपर्यंत रुग्णालयाने ऊती टाकून दिल्या होत्या. फोनचा ससेमिरा एकदाचा संपावा म्हणून केळुसकर म्हणाले, "माझी निवृत्तीची सगळी रक्कम वर्ग करा."

"धन्यवाद. दबाव आढळला नाही. रक्कम वर्ग झाली आहे."

ते फोन ठेवणार, तोच तो गोड आवाज पुढे बोलू लागला.

"आपला आजचा आवाज अत्यंत निर्मळ आहे. नवं यंत्र घडवण्यासाठी स्वेच्छेचा आदर्श नमुना म्हणून तो जतन करू का?"

"करा," केळुसकर म्हणाले.

त्यातही दबाव आढळला नाही.