गाठीचे सोयरे

सुलतानने चेंडू तोंडात धरून आणला आणि डॉ. इंदुमती भालसिंगांच्या पायाशी टाकला. बॉक्सर जातीचा कुत्रा. दीड वर्षापूर्वी याच फरशीवर तो झटके देत, फेस गाळत पडला होता. मेंदूत गाठ होती. आता तो नुसता तपासणीला यायचा आणि पिंजऱ्यातल्या मांजरांवर भुंकून जायचा. मिरजेच्या प्राण्यांच्या इस्पितळात याचं कुणालाच नवल राहिलं नव्हतं.

दारात डबा घेऊन उभ्या राहिलेल्या कमल ऐनापुरेला मात्र नवल होतं. ती त्या कुत्र्याकडे एकटक बघत होती.

माणसांच्या मोठ्या इस्पितळामागे कमलची खाणावळ होती. रुग्णांचे नातेवाईक तिच्याकडे जेवत. इंदुमतींचा डबाही तिचाच. आज डब्याच्या वरच्या खणात भाकरी नव्हती. फडक्यात गुंडाळलेली मेणाची वडी होती. ऑपरेशनात काढलेला गाठीचा तुकडा असा मेणात बसवून जपतात. मिरजेत परगावची माणसं असल्या वड्या खिशात घालून या लॅबमधून त्या लॅबमध्ये हिंडत असतात.

"शांभवीची हाय," कमल म्हणाली. "तुमच्या यंत्रात घाला."

"कमलताई, हे जनावरांचं इस्पितळ आहे."

"आंधळी न्हाई मी. बोर्ड वाचूनच आत आले."

शांभवी तिची नऊ वर्षांची मुलगी. डावा हात लुळा पडत चालला होता. किरणं देऊन झाली होती. मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं, घरी न्या, आवडीचं खाऊ घाला. खाणावळवालीला हे सांगितलं!

इंदुमतींनी वडी घेतली. यंत्राला सगळे 'सोयरा' म्हणत. कुत्रा, मांजर, घोडा, म्हैस, माणूस, कुठल्याही सस्तन प्राण्याच्या मेंदूतली गाठ द्या, तो पेशींमधली जनुकं वाचायचा आणि तिचे जवळचे सोयरे कोण ते दाखवायचा. प्राणी कोणता हे त्याला आधी सांगायचं नाही, अशीच रीत होती. सांगितलं की गणित त्या बाजूला झुकतं. शेपूट आहे की वेणी, हे सोयऱ्याला दिसत नसे.

दुपारी पडद्यावर चित्र आलं. मोठ्या माणसांच्या गाठी कुठच्या कुठे पडल्या होत्या. उंदीर त्याहून लांब. इतर पोरांच्या गाठी आसपास होत्या, पण शांभवीच्या ठिपक्याला अगदी खेटून एकच ठिपका होता. सुलतान.

"म्हंजे?" कमलने विचारलं.

"म्हणजे दोघांची गाठ एकाच वळणाची. औषधं उंदरांवर तपासतात, पण उंदराला ही गाठ सहसा होतच नाही. आपण ती टोचतो. मग टोचलेला रोग बरा होतो, लेख छापून येतात आणि पोरं मरतात. कुत्र्याला ती आपसूक होते. आपल्याच घरात, आपलीच पोळी खाऊन."

"मग ह्याला जे दिलं ते पोरीला द्या."

सुलतानला लस दिली होती. गाठीच्या पेशींवर एक खूण असते, ती लस शरीराच्या पहारेकऱ्यांना ओळखायला शिकवते.

"ती लस कुत्र्यांसाठी मंजूर आहे. माणसांसाठी नाही."

"का? इखारी हाय?"

इंदुमतींना थाप मारता आली असती. "कुणाला माहीत नाही. माणसांवर चाचणीच झाली नाही. अशी पोरं थोडी, खटाटोप मोठा. कुत्र्यांचं लवकर उरकलं, खप झाला, कंपनी तिथंच थांबली."

"आन् ती खूण कुठं घावली?"

"पोरांच्याच गाठींत. गेलेल्या पोरांच्या. आईबापांनी दिल्या होत्या."

कमलने वडीचं फडकं घडी करून कमरेला खोचलं.

"त्यातले किती आईबाप माझ्याकडं जेवलेत, बाई. ताट तसंच ठेवून उठायचे, सही करून यायचे. म्हणायचे, फुडच्या पोराला उपेग हुईल." तिने सुलतानकडे बोट केलं. "ह्यो व्हय फुडचा पोरगा?"

सुलतानने चेंडू आणून तिच्या पायाशी ठेवला. कमलने तो उचलला आणि लांब फेकला. "ह्याचा काय गुन्हा," ती पुटपुटली.

इंदुमतींनी मुलांच्या कॅन्सर वॉर्डच्या डॉ. होनमान्यांना फोन लावला आणि कमललाही ऐकू यावं म्हणून स्पीकरवर ठेवला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मॅडम, हा फोन मला आलाच नाही. लशीने मेंदू सुजला तर मुलगी तासाभरात जाईल. उद्या सकाळी माझ्या वॉर्डात एक खाट रिकामी आहे. कशासाठी, ते मी विचारणार नाही."

औषधाचं कपाट स्वतःच हिशेब ठेवायचं. नोंद पुरी झाल्याशिवाय कुपी सोडत नसे. नाव: शांभवी. वजन: सुलतानपेक्षा थोडंसं कमी. पुढचा रकाना: प्राणी.

"कुत्री लिवा," कमल म्हणाली.

"ऐका आधी. तिचं बरंवाईट झालं तर..."

"ते ऐकलं मी फोनवर. घरी बसून काय हुनार, तेबी ऐकलंय."

"आणि जगली तर? नोंदीत एक कुत्री जगेल. पुढच्या पोराच्या आईला पुन्हा हेच ऐकावं लागेल, माणसांवर चाचणीच झाली नाही."

"आन् मानूस लिवलं तर?"

"कपाट उघडत नाही."

"मग झालं की! जगू दे तिला. मी चौकात हुबी ऱ्हाऊन वरडून सांगते. तुमचं लायसन जाईल, त्याची तयारी ठेवा."

"ठेवली," इंदुमती म्हणाल्या.

त्यांनी 'कुत्री' लिहिलं. कपाट खळकन उघडलं. थंड कुपी हातात आली आणि कमलने ती डब्याच्या रिकाम्या खणात, बर्फाच्या पिशवीवर ठेवून झाकण लावलं. दारापर्यंत जाऊन ती वळली.

"बाई, उद्या माझी पोर ह्या दारातनं चालत आली आन् म्हनाली, मी मानूस हाय, तर खरं कुनाचं धरतील? तिचं, का तुमच्या कपाटाचं?"