हात धरून बसलेली

तुम्ही हसाल. खुशाल हसा. पण हे माझ्या डोळ्यांसमोर घडलंय.

१९९३ सालचा मे महिना. भिवंडीहून पडघ्याकडे जाताना एक वृद्धाश्रम होता, तिथं मी कामाला होते. औषधं द्यायची आणि नंतर कुणाला काय होतंय ते डॉक्टरांना सांगायचं, ही माझी ड्युटी. कोण गोळी गालात धरतं, कोण नुसतंच पाणी पितं... मला नजरेत कळायचं.

वडपे गावच्या शांताबाईंचे हात कापायचे. सून भरवायची आणि घासागणिक टोमणा मारायची. म्हणून घर सोडून आलेल्या.

नवीन गोळी सुरू झाली आणि हात थांबले. वरणभात स्वतःच्या हातानं! रुबाब बघायचा होता त्यांचा.

एका दुपारी जेवताना त्या शेजारच्या रिकाम्या खाटेकडं बघून हसल्या.

"कोण आहे आजी?"

"ही बाय. माझा हात धरून बसली हाय."

खाटेवर कुणीच नव्हतं...

पण गादी मधोमध दबलेली होती.

डॉक्टरांनी बजावलं होतं, या गोळीनं भलतंसलतं दिसू शकतं. दिसलं की लगेच सांगायचं.

शांताबाईंनी माझा पदर धरला. "चंद्रे, डॉक्टरला सांगू नको गं. गोळी बंद करंल. मंग मला कोण भरवंल, तू? तुला सोताला जेवाया टाइम न्हाय!"

तरी मी सांगितलं.

डॉक्टरांनी गोळ्या काढून घेतल्या. "थोड्या दिवसांत हात परत कापायला लागतील," म्हणाले.

लागले नाहीत.

पुढच्या खेपेला ते आले, तेव्हा शांताबाई आमटी पीत होत्या. वाटी काठोकाठ. एक थेंब सांडत नव्हता...

"वा आजी!" म्हणत त्यांनी नाडी बघायला मनगट धरलं.

आणि झटकन सोडलं.

वाटी हललीसुद्धा नाही.

डॉक्टर व्हरांड्यात येऊन रुमालानं बोटं पुसत राहिले.

"काय झालं साहेब?"

"तिथं आधीच... कुणाची तरी बोटं होती. थंडगार."

मग बॅगेतून त्याच गोळ्या काढून माझ्यापुढं धरल्या. "परत चालू करा."

"पण साहेब, गोळीनंच दिसतं ना?"

"म्हणूनच."

मी चालू केली. विचारणाऱ्याला सांगायचे, गोळीचा परिणाम आहे. सगळ्यांना पटायचं. मीही पटवून घेतलं...

फक्त शांताबाईंच्या हातावर गोळी मी परत कधी ठेवली नाही. उशाशी ठेवायचे आणि मागं सरायचे.