आतून धरणारा

एवढी मोठी तांब्याची घागर एकट्या माणसाला ठोकता येत नाही. बाहेरून हातोडा मारायचा, तर आतून कुणीतरी लोखंडी ठोकळा पत्र्याला टेकवून धरावा लागतो. ठोकळा धरलेला असेल तर ठोका ठण्णकन वाजतो आणि वाटाण्याएवढा गोल ठसा उमटतो. आत कुणी नसेल तर पत्रा नुसता भद्दकन दबतो. संपदा तांबटांच्या घरातली, त्यामुळे हे तिला कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

आखातात, रास अल खोरला एका कंपनीच्या वर्कशॉपमध्ये ती बाहेर असे आणि आत सोमनाथ. तो संगमेश्वरकडचा, जाड बोटांचा, कामापुरतंच बोलणारा. काम करताना दोघांना एकमेकांचं तोंड दिसत नसे. ती बोटाच्या पेराने पत्र्यावर एकदा टकटक करी. त्याच जागी आतून टकटक आली की समजायचं, धरलंय, मारा. अशी दुमजली घागर उभी राहिली. तिच्या पोटात सेन्सर बसवले होते. कुणी तांब्यावर तळवा टेकवला की त्याच्या नाडीचे ठोके साऱ्या घागरीतून घुमत आणि काठावरून उजेड फिरे.

अल ऐनच्या बागेत घागर बसली. सोमनाथ ज्यातून आत-बाहेर करी ते तळाचं भोक झाळून बंद झालं आणि लगोलग कंपनीची जाहिरात आली: 'मानवी हात न लागलेली, संपूर्ण रोबोटने घडवलेली.' त्याच आठवड्यात सोमनाथचा व्हिसा कॅन्सल झाला.

संपदाच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. ती कंपनीच्या मॅनेजरसमोर, रोशनसमोर जाऊन उभी राहिली. हा इकडेच अजमानमध्ये वाढलेला मराठी पोरगा, घागर ठोकली जात असताना तिकडे एकदाही फिरकला नव्हता.

"हे खोटं आहे, रोशन. त्या माणसाने अख्खा उन्हाळा तिच्या पोटात काढलाय."

"मॅडम, क्लायंटला ह्यूमन स्टोरी नकोय, टेक स्टोरी हवीय. लाइन अप्रूव्ह झालीये. सोमनाथचं काम खलास."

आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. आणि वर सोमनाथला निरोपाचा शब्दही नाही.

विमानतळावर तीच त्याला सोडायला गेली. त्याला ट्रॉली ढकलता येईना. हात नुसते लोंबत होते.

"झोपलेत, ताई. घागर बंद केली त्या दिवसापासून असंच," असं म्हणून तो हसला. संपदाला हसू आलं नाही.

थंडी पडली तशी बागेत गर्दी वाढली. एका संध्याकाळी एका मुलीने तांब्यावरचा हात काढून घेतला आणि घागर बघायला आलेल्या संपदाकडे तक्रार केली, "आंटी, इट्स नॉट माय हार्टबीट. इट्स नॉकिंग."

संपदाने कान लावला. आत टकटक वाजत होती. एकदा. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा एकदा.

रोशन म्हणाला, सॉफ्टवेअरचा बग. तिने वीज तोडायला लावली. काठावरचा उजेड गेला, टकटक राहिली.

पुढच्या आठवड्यात माळ्याची झाडं छाटायची उंच शिडीगाडी घासून काठाखाली पोचा आला. कंपनीने घागर तातडीने दुरुस्त करायला संपदालाच बोलावलं. रोबोटला का नाही बोलावलं, असं ती फोनवर विचारून बसली. तरी गेली आणि परांचीवर चढली. घागर शेवटी तिची होती.

आत धरायला कुणी नाही, म्हणून पोच्याच्या कडा हलकेच बसवायच्या, एवढंच तिच्या मनात होतं. पण हाताची सवय जाते थोडीच. तिने पेराने एकदा टकटक केली.

त्याच जागी आतून टकटक आली.

भर दुपार होती. खाली लॉनवर कुणीतरी डबे उघडून बसलं होतं. तिने हातोडा उचलला आणि मारला.

ठण्ण.

वाटाण्याएवढा गोल ठसा.

ती एक वीत सरकली. आतलं सरकलं. ती खाली वाकली. तेही वाकलं. शेवटचा ठोका तिरका गेला.

तिने तिथेच बसून संगमेश्वरला फोन लावला. सोमनाथच्या बायकोने, सत्यभामाने, फोन त्याच्या कानाशी धरला. हल्ली त्याला घासही तीच भरवत होती. डॉक्टरांना काही सापडत नव्हतं.

"ताई," तो म्हणाला, "आज काठाखाली काम काढलंत ना? शेवटचा तिरका बसला. अंगठा गेला असता माझा."

संपदाने हातोडा खाली ठेवला.

ठोक्यांचा बोभाटा वाढला तेव्हा रोशनने उपाय काढला: घागर काँक्रीटने भरून टाकायची. आवाज बंद, वजनही वाढेल. काठावर पाइप चढवताना संपदा पंपासमोर जाऊन उभी राहिली.

"हे भरायचं नाही. आधी तळ उघडा."

"का? आत कोण आहे, मॅडम?"

ज्याचे हात लागलेच नाहीत असं कागदोपत्री ठरलं होतं, त्याचे हात आत आहेत, हे कुणाला सांगायचं? तिला इतका संताप आला की डोळ्यांत पाणी उभं राहिलं. दोन वॉचमननी तिला अदबीने बाजूला केलं. "यल्ला, सुरू करा," रोशन म्हणाला.

पंप सुरू झाला.

आत घाईघाईने टकटक होऊ लागली. आधी तळाशी. मग पोटाशी. मग काठाखाली.

मग थांबली.

संपदाचा फोन वाजला. सत्यभामा होती.

"ताई, हे मघापासून म्हणतायत, हातांना गार लागतंय. उन्हात आणून बसवलं, गरम पाण्यात हात घातले, तरी तेच. आता बोलेनासेच झालेत. आणि ताई, सकाळपासून घराबाहेर पाऊल नाही ह्यांचं. मग ह्यांच्या नखांत ओलं सिमेंट कुठून आलं?"